फुलीचा कल

यमुनाने कॅनव्हासच्या कडेचा एक धागा नखाने उचलला, चिमटीत धरला आणि हळूच ओढला. धागा वीतभर आला आणि तुटला. तिने तो तुकडा बाजूला सारला आणि दुसरा उचलला.

"बहनजी, कपड़ा खरीदने आई हैं कि उधेड़ने?" गोपीनाथजींनी विचारलं.

"उधेड़ के ही तो देखना है," यमुना म्हणाली. "मुझे वो जाली चाहिए जो बाद में पूरी निकल जाए."

"जाली माल तो हम रखते ही नहीं. हमारे यहाँ सब असली है."

हा विनोद पाच वर्षांचा होता. श्रीपादची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली, तेव्हा यमुना पुरोहितजींचा कटला या जुन्या बाजारातलं हे सुया-दोऱ्यांचं दुकान शोधत आली होती आणि जाळीचं कापड हवं म्हणून तिने मोठ्या आत्मविश्वासाने 'जाली कपड़ा' मागितलं होतं. आपल्या दुकानात कुणी खोटा माल मागावा, याचा गोपीनाथजींना खरोखरच राग आला होता. आता राग गेला होता, वाक्य तेवढं उरलं होतं. ते ऐकल्याशिवाय तिला खरेदी झाल्यासारखं वाटत नसे.

दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं एक मोठं कपाटच. मालक आत गादीवर, गिऱ्हाईक बाहेर गल्लीत, आणि मागून जाणारा येणारा गिऱ्हाइकाला कोपराने थोडं आणखी आत ढकलणार. यमुनाच्या शेजारी अमिता उभी होती. अमिताचा नवरा बँकेत, आणि मराठी मंडळाच्या बायकांचं भरतकाम, पाककृती, हळदीकुंकू हे सगळं खातं अमिताकडे. कुणी नेमलं नव्हतं. तिने घेतलं होतं.

गोपीनाथजींनी सगळे प्रकार मांडले. भरतकामाची जाडसर मॅटी होती, पण तिच्यावर भरलेलं तिच्यावरच राहतं. लोकरीने खुर्चीच्या गाद्या भरायचा कडक कॅनव्हास होता. तो तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत झाकून मागतो. यमुनाला हवा होता तिसरा. ज्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत त्याच्यावर तो टाचायचा, त्याच्या भोकांतून मोजून फुल्या घालायच्या, आणि काम झालं की त्याचा एकेक धागा ओढून काढायचा. खाली फुल्या नीट रांगेत उभ्या राहतात. त्या कुणाच्या आधाराने रांगेत आल्या, ते मग कुणाला दिसत नाही.

"पाण्याचा घे की," अमिता म्हणाली. "ओला केला की खळ सुटते, धागे आपोआप निघतात. माझ्या पडद्यांना मी तोच वापरला."

"पाणी नको."

"का गं?"

"रमाताईंची साडी आहे."

अमिताने पाण्याच्या कॅनव्हासचा तुकडा स्वतःच मागे सारला. तिच्या बाबतीत हे बरंच होतं.

रमा म्हणजे श्रीपादची पहिली बायको. अवनी चार वर्षांची असताना ती तापाचं निमित्त होऊन गेली. यमुना दोन वर्षांनी या घरात आली. आता अवनीचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि ट्रंकेच्या तळातून तिने आईची एक साधी, मोतिया रंगाची रेशमी साडी शोधून काढली होती. रिसेप्शनला तीच नेसायची म्हणत होती. "पर ये बहुत प्लेन आहे ना, मावशी. पदरावर तू काहीतरी बनव. मतलब तुझंवालं, क्रॉस स्टिच."

ती यमुनाला मावशी म्हणायची. ते इंदुबाईंनी ठरवलं होतं, रमाच्या आईने. लग्नानंतर पहिल्यांदा मिरजेला नेलं तेव्हा त्यांनी यमुनाची ओटी भरली आणि नातीला सांगितलं, "ही माझी लेक. म्हणजे तुझी मावशी." हिशेब एकदम चोख होता. घरात सगळे इंदुबाईंना 'मिरजेच्या आई' म्हणत, यमुनाही.

"त्या येणार ना लग्नाला?" अमिताने विचारलं.

"येणार तर. चार दिवस आधीच."

"मग यमुना, एक सांगते, राग मानू नकोस." हे म्हटल्यावर अमिता नेहमी राग येईल असंच सांगायची. "या साडीवर तरी फुल्या सुलट घाल."

 यमुनाने आणखी एका तुकड्याचा धागा ओढला. हा अखंड आला.

फुलीचे टाके दोन. एक खाली, एक वर. वरचा टाका सगळ्या बायकांचा उजवीकडे झुकतो, यमुनाचा डावीकडे. लांबून काही कळत नाही, पण उजेड पडला की रेशमाची चमक उलट्या बाजूला जाते. मंडळाच्या प्रदर्शनात परीक्षक बाईंनी तिचा टेबलक्लॉथ हातात घेतला होता, "काम फार देखणं, पण सगळी फुली उलटी" असं म्हटलं होतं आणि बक्षीस अमिताच्या पडद्यांना दिलं होतं. तेव्हापासून 'यमुनाची उलटी फुली' हे मंडळात चिवड्याइतकंच ठरलेलं झालं होतं.

"तेही नाही जमत तर बारीक जाळी घे," अमिता जरा आवाज उतरवून म्हणाली. "बारीक फुलीचा कल कुणाला दिसत नाही. उद्या त्यांना म्हणायला जागा नको, की माझ्या लेकीची साडी, आणि हिने तिच्यावर उलटं भरून ठेवलं."

अमिता टोचून बोलायची, पण सुई नेमकी भोकातूनच घालायची. यमुना पंधरा दिवस याच विचारात होती.

तिने दोन्ही तुकडे उचलून उजेडाकडे धरले. एकाची भोकं खसखशीएवढी, दुसऱ्याची मोहरीएवढी. डोळ्याला फरक थोडा, पण सुईला पुरेसा होता. बारीक जाळी घेतली तर कल लपणार होता. पण फुल्या दुपटीहून जास्त, म्हणजे तेवढेच टोचे जास्त. साडी अवनीपेक्षा जुनी. घडीवर रेशीम विरायला लागलं होतं. हात फिरवला तर कळायचं. मोठ्या जाळीत साडीला आराम होता आणि यमुनाला नव्हता.

"ये मोटीवाली दे दीजिए, भैया."

"दिसेल हं," अमिता म्हणाली.

"दिसू दे," यमुना म्हणाली. जितक्या धिटाईने म्हणायचं होतं तितक्या धिटाईने ते निघालं नाही.

शास्त्री नगरातल्या घरी देव्हाऱ्यात एक चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा, वर एका बाईची पुसट आकृती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली रागावत नाही, अशी मिरजेकडे रीत होती. इंदुबाईंनी तो लग्नातच यमुनाच्या गळ्यात घातला होता. काही महिने तो तिला धोंड्यासारखा वाटला. मग एक दिवस तिने तो काढून देवांत ठेवला आणि रोज सकाळी त्याला हळदीकुंकू लावायला लागली. रागावलेल्या बाईशी कसं बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. पण रमाताई रागावलेल्या नव्हत्या, याचा पुरावा तिला फार लवकर मिळाला होता.

पुरावा कपाटात होता. तेव्हा ते कोट्याला राहत. श्रीपाद सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. अवनी सहा वर्षांची, हिंदीत बोलायची आणि यमुनाशी तेही बोलायची नाही. एकदा चादरी आवरताना यमुनाला मॅटीचा एक मोठा रुमाल सापडला. चारी बाजूंनी पोपट काढायचे योजलेले, पण काम मध्येच थांबलेलं. एका पोपटाच्या शेपटीत सुई तशीच टोचलेली होती, गंजून कापडाला धरलेली.

यमुनाला तोवर बटण लावण्यापलीकडे सुई माहीत नव्हती. तिने तो रुमाल उलटा केला आणि मागची बाजू बघत बसली. दोरा कुठून आला, कुठे गेला, आधी कुठला पाय, मग कुठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने नवी सुई ओवली.

अवनी दारात उभी होती. "ये मेरी मम्मी का है."

"हो. शेपटी राहिलीय त्याची. तू भोकं मोजून सांगशील? मला चुकायला होतं."

अवनी बराच वेळ दारातच राहिली. मग येऊन शेजारी बसली आणि मोजायला लागली, एक, दो, तीन. तिला त्या दुपारी पहिल्यांदा यमुनाच्या मांडीवर झोप लागली. पोपटाला शेपटी आली, मग पुढचे पोपट आले. गंजाचा डाग तिने लिंबू-मीठ चोळून उन्हात वाळवून पार घालवला. त्याचा तिला फार अभिमान होता.

शेपटी अर्धी ठेवून गेल्या म्हणून मला या घरात काही काम मिळालं, असं ती कधीमधी टाकाला हळद लावताना पुटपुटायची. पुढच्या वीस वर्षांत घरात ज्या ज्या वस्तूला झाकता येईल ती तिने फुल्यांनी झाकली. टीव्ही, रेडिओ, पाण्याचा फिल्टर. श्रीपाद म्हणायचा, "मी एका जागी फार वेळ बसत नाही. भरून टाकेल ही."

मंडळातल्या त्या प्रदर्शनात परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आपली आपणच शिकले."

तिला माहीत होतं ती कुणासारखं भरते ते. पोपटांचा कलही तोच होता. पण शिकवणारीचं, रमाचं, नाव घेतलं असतं तर उलटी ती ठरली असती, आणि ती काही बाजू मांडायला येणार नव्हती. म्हणून ते हसं यमुनाने स्वतःच्या अंगावर घेतलं. एवढं तरी तिच्यासाठी करता येत होतं.

साडीला हात घालण्याआधी तिने एका चिंधीवर कॅनव्हास टाचून सुलट फुल्या घालून पाहिल्या. जमल्या की. कठीण काहीच नव्हतं. पण पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात चमचा कुठे असेल ते विचारत विचारत फोडणी करावी, तसं वाटत होतं.

अवनी मागून डोकावली. "ही कुणी केली?"

"मीच. बरी दिसते का?"

"अच्छी आहे." तिने मान तिरकी केली. "पर तुझी नाही वाटत."

यमुनाने चिंधी गुंडाळून ठेवली. सकाळी टाकाला हळद लावताना ती म्हणाली, "तुमची साडी, तुमचीच फुली. बोलणी काय बसायची ती मला बसतील." आणि पदरावर पहिला टाका घातला.

इंदुबाई आल्या त्या भाच्याबरोबर, दोन दिवसांचा प्रवास करून. ऐंशीच्या घरात होत्या, पण पाठ सरळ. स्टेशनवरचा चहा पिऊन त्यांचं जयपूरबद्दलचं मत बनलं होतं. "चहा आहे की सर्दीचा काढा? किती उकळायचं ते."

यमुनाने त्यांना त्यांच्या पद्धतीचा चहा करून दिला. त्या काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे आवडला.

पदरावरची वेल भरून झाली होती, कॅनव्हास अजून वरच होता. तो त्या यायच्या आत काढून, साडी इस्त्री करून, कपाटात टाकायची असा यमुनाचा बेत होता. पण लग्नघरात बेत करणारा एक आणि मोडणारे दहा. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी, अवनी आणि श्रीपाद पत्रिका वाटायला झोटवाड्याला गेलेले बघून, तिने आतल्या खोलीत पलंगावर पदर पसरला आणि चिमटा घेऊन बसली.

पाठोपाठ इंदुबाई आल्या. साडी त्यांनी लगेच ओळखली. काठावरून हात फिरवला.

"ही मी घेतली होती तिला. डोहाळजेवणाची."

"अवनीला हीच नेसायची आहे, आई. तिने हट्टच धरला."

"चांगलं केलं." त्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला टेकल्या. "मला दे एक टोक. नुसतं बसून अंग अवघडलं."

नाही म्हणता येईना. यमुनाने त्यांच्या बाजूचा धागा सुईने मोकळा करून दिला. दोघी दोन टोकांकडून ओढू लागल्या. धागे सळसळत निघत होते. पलंगावर त्यांचा वाळक्या गवतासारखा ढीग होत होता. सगळे आडवे निघाले, मग उभे. जाळी विरळ होत गेली आणि खालून हिरवी वेल मोकळी झाली, पानं, कळ्या, तांबूस फुलं. फुल्या टपोऱ्या होत्या. मोठ्या जाळीच्या.

इंदुबाईंचा हात थांबला.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. साडी उचलून खिडकीच्या बाजूला धरली. एकदा सरळ, एकदा तिरकी.

"यमुना, तू डावखुरी आहेस?"

यमुनाच्या हातातला धागा तुटला. "नाही. तुम्ही पाहिलंय की मला, पानं वाढताना."

"मग ही फुली अशी कशी?"

आलंच शेवटी, यमुनाला वाटलं. ती घाईघाईने बोलू लागली. "चुकलंच आहे ते, आई. मला सगळे सांगतात. बारीक घालणार होते, तर दिसलं नसतं, पण साडीला टोचे फार बसले असते. तुमच्या लेकीची साडी, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं—"

"मी काय विचारतेय? तुला शिकवलं कुणी?"

आपली आपणच. उत्तर तयार होतं, जिभेवर बसलेलं होतं. यमुनाने समोर पाहिलं. म्हातारीचा अंगठा एका फुलीवर होता आणि तिथून हलत नव्हता.

"रमाताईंनी," ती म्हणाली.

इंदुबाईंनी साडी मांडीवर घेतली.

"म्हणजे, कोट्याला त्यांचा एक रुमाल होता कपाटात. अर्धा राहिलेला. तो उलटा करून, मागून बघत बघत शिकले. त्यांची फुली अशीच आहे. मी कुणाला सांगितलं नाही कधी. उगाच म्हणतील, त्यांनाच येत नव्हतं."

 इंदुबाईंनी अंगठा त्या फुलीच्या वरच्या टाक्यावरून फिरवला.

"तिची सुई डाव्या हातात असायची."

यमुनाला चटकन कळलं नाही.

"लिहिणं, जेवणं, कुंकू लावणं, सगळं आम्ही उजव्यावर आणलं. तेव्हा तसंच करायचे सगळे. श्रीपादरावांना पत्ताही नसेल. एक सुईचं तेवढं मी सोडलं. म्हटलं, राहू दे, कापडाला काय कळतंय."

यमुनाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं ती एक चूक पदराखाली झाकून फिरत होती आणि ती चूक नव्हतीच. डाव्या हाताची ती सुलट फुली होती. तिला मंडळ आठवलं, परीक्षक बाई आठवल्या, आणि कशाचंच काही वाटलं नाही.

"बारीक असती तर मला दिसलीही नसती," इंदुबाई साडीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग विचारलं, "तो रुमाल आहे अजून?"

"आहे."

ती कपाटातून घेऊन आली. धुऊन धुऊन मऊ झालेला, घड्या ठरलेल्या. इंदुबाईंनी तो साडीच्या शेजारी पसरला. चारी बाजूंनी हिरवे पोपट, लाल चोची, लांब शेपट्या.

"यातलं तिचं कुठपर्यंत?"

"हा बघा, इथे, या शेपटीत सुई होती," म्हणत यमुनाने बोट ठेवलं आणि ते तिथेच थबकलं. या, की पलीकडच्या? तिने कापड उलटं करून पाहिलं. मागेही तेच टाके, तोच कल, दोऱ्याच्या त्याच रांगा. गंजाचा डाग असता तर सांगता आलं असतं. तो तिनेच घालवला होता, लिंबू-मीठ चोळून.

"थांबा हं," ती म्हणाली. "सापडेल."

"सावकाश," इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी आपलंही बोट तिच्या बोटाशेजारी टेकवलं, आणि दोघी शेपटीच्या टोकापासून एकेका फुलीने मागे येऊ लागल्या.